ग्रामसभेपुढे आइनस्टाइन

बुधवार, २२ जानेवारी

जगाच्या इतिहासात माणसांवर अन्याय झाले, नाही असं नाही. राज्यं गेली, घरंदारं गेली. पण पंधरा दिवसांतून एकदा येणारा धुण्याचा वार ज्याचा गेला, त्याचं स्मारक अजून कुणी बांधलेलं नाही. आमच्या इमारतीत बिऱ्हाडं आठ आणि तळघरात धुलाईयंत्र एक. भिंतीवर तक्ता टांगलेला आहे. माझा वार एकाआड एक बुधवार. चुकला की चुकला. शेजारणीला "जरा तुमचा गुरुवार देता का" विचारणं म्हणजे "जरा तुमचा नवरा देता का" विचारण्यासारखं. नवरा एखादे वेळी मिळेलही.

आणि आज नेमकी दुपारी दोन वाजता सरपंचांनी बैठक बोलावली. पांढरे कपडे झाले, रंगीत राहिले. पुढचे पंधरा दिवस मी नर्ससारखी वावरणार.

सरपंच म्हणजे उएली झोलिंगर. शाळेत तो माझ्या वहीतली गणितं उतरवून काढायचा, त्यामुळे दोघंही नापास व्हायचो. आता तो दूध काढायची यंत्रं विकतो आणि उरलेल्या वेळात ट्रुबिकोन गाव चालवतो. त्याने फार गोड आवाजात सांगितलं, म्हणजे बातमी वाईट. गावच्या संग्रहालयाला गेल्या वर्षी दोनशे बारा माणसांनी भेट दिली. त्यातली साठेक स्वच्छतागृहासाठी आली होती, कारण बसथांबा समोरच आहे. लोणी घुसळायची पिंपं, गाईंच्या घंटा, आग विझवणाऱ्यांची शिरस्त्राणं आणि पेंढा भरलेला एक बिज्जू बघायला लोक येत नाहीत. जूनच्या ग्रामसभेत संग्रहालय ठेवायचं की बंद करायचं, यावर हात वर होणार.

मी तिथे चाळीस टक्के, म्हणजे अर्ध्या वेळेहूनही कमी, नोकरीत आहे. बंद झालं की शून्य टक्के. उरलेली साठ टक्के मी कोण, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही आणि आता विचारायला नको.

"काहीतरी मोठं लाव," उएली म्हणाला. "गर्दी खेचणारं. आमची ही म्हणते, आइनस्टाइन लाव."

आइनस्टाइनचा आपल्या गावाशी संबंध काय, असं मी विचारलं.

"बर्नला होता. झ्युरिकला होता. मधे गावं लागतातच ना?"

ठरलं. चौदा मार्चला, त्याच्या वाढदिवशी, उद्घाटन. सोबत तीन जाहीर व्याख्यानं.

गुरुवार, ३० जानेवारी

प्रदर्शनाची सामग्री आजवर अशी: शहरातून मागवलेल्या फोटोंच्या प्रती, उएलीच्या आजोबांचं टेबल (त्या काळातलं), एक सायकल (त्या काळातली असावी), एक फळा. जीभ बाहेर काढलेला फोटो आतापर्यंत पाच जणांनी आणून दिला. पाचही जणांना वाटलं की हा फक्त आपल्याकडेच आहे.

आज संग्रहालय उघडायच्या आधी दारात केगी मास्तर उभे. चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गावातल्या तीस ते साठ वयाच्या प्रत्येकाला त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणजे तसा प्रयत्न केला. मला सहापैकी साडेतीन दिले होते. चारला पास करतात. शाळेत मला 'तू' म्हणायचे, आता पदाचा मान राखून 'अम्मानबाई, तुम्ही' म्हणतात. दोन्ही ऐकताना माझे तळवे घामेजतात.

त्यांनी हाताने लिहिलेलं पत्र दिलं. तीनपैकी एक व्याख्यान ते देऊ इच्छितात. विषय: घड्याळ आणि आगगाडी. लागणारं साहित्य: फळा, खडू. मानधन: नको.

मी म्हटलं, विचार करून कळवते. पत्र 'विचाराधीन' असं लिहिलेल्या तबकात ठेवलं. कारण मी झ्युरिकच्या एका प्राध्यापकांना लिहिलं आहे. त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो आहे. गावाला हाताची घडी हवी, खडू नको.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सापडलं ते आजच लिहून ठेवते.

गावचं दप्तर पंचायतीच्या तळघरात आहे, अणुयुद्धासाठी बांधलेल्या आसऱ्यात. जग बेचिराख झालं तरी आमच्या बैठकांची इतिवृत्तं वाचणार. मी जुन्या रेल्वेस्थानकाचा फोटो शोधत होते. शाळा समितीची १९०१ सालची फाइल उघडली. शेगडीच्या दुरुस्तीचा अंदाज आणि शाळेच्या बागेत शिरणाऱ्या बकरीबद्दलची तक्रार, या दोन कागदांच्या मधे एक जोडकार्ड. एका अर्ध्यावर मजकूर: आपल्या शाळेत गणिताच्या बदली शिक्षकाची जागा अद्याप रिकामी आहे काय, असल्यास माझा विचार व्हावा, उत्तरासाठी कार्ड जोडले आहे. खाली सही. मी ती सही तीनदा वाचली. मग जमिनीवर बसले.

दुसरं अर्धं, उत्तरासाठीचं, कोरं. वरचं तिकीट अर्जदाराने स्वतःच्या पैशाने लावलेलं. कुणी फाडूनसुद्धा वेगळं केलेलं नाही.

इतिवृत्त काढलं. एप्रिल: 'अर्ज वाचला. विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवला.' मे: शेगडीवर चर्चा. अर्ज पुढील बैठकीसाठी. जून: शेगडी. पुढील बैठकीसाठी. असं अकरा वेळा. मग वही संपली. नवी वही शेगडीपासून सुरू होते.

उएलीला फोन केला.

"म्हणजे आपण त्याला नोकरी दिली नाही?"

"नाकारलीही नाही."

"मग केलं काय?"

"पुढील बैठकीसाठी राखून ठेवलं."

"मग नियमाने झालं की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शहरातल्या तज्ज्ञाने अक्षर खरं ठरवलं. काल रात्री मी स्वप्नात संग्रहालयाबाहेर रांग पाहिली. आज सचिव बिग्लरने ती रांग मोडली.

बिग्लर पंचायतीचा सचिव आहे, वय एकेचाळीस, पण जन्मतःच एकेचाळीस असावा. त्याने हातमोजे घालून कार्ड सहा मिनिटं वाचलं आणि म्हणाला की हे दाखवता येणार नाही. प्रकरण निकाली निघालेलं नाही. निकाली न निघालेल्या अर्जातली माहिती खाजगी असते. फोटो नाही, प्रत नाही.

"बिग्लर, अर्जदार वारला आहे."

"तशी सूचना आमच्या कार्यालयाला आलेली नाही."

तो थट्टा करत नव्हता. मृत्यूची सूचना गावच्या रहिवाशांचीच येते, आणि अर्जदार गावचा रहिवासी नव्हता, कारण त्याला नोकरी मिळाली नव्हती. मी चिडले. शाळा समितीने निर्णय घ्यावा म्हटलं. समिती १९७४ साली बरखास्त झाली, तिचे अधिकार ग्रामसभेकडे गेले. ग्रामसभा चार जूनला. विषय क्रमांक चार, असं त्याने लगेच वहीत लिहिलं. विषय क्रमांक पाच माझं संग्रहालय आहे.

तोवर काय करू, विचारलं.

"तोवर झाकून ठेवा. प्रलंबित बाब जैसे थे राहते, अम्मानबाई. तिला कुणी हात लावत नाही, ना पुढे, ना मागे. तसं पाहिलं तर गावातली सगळ्यात सुरक्षित गोष्ट तीच."

येताना बेकरीत केगी मास्तर भेटले. पत्र मिळालं ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्राध्यापकांच्या तारखा ठरू देत, मग कळवते. त्यांनी मान हलवली आणि मला रांगेत पुढे जाऊ दिलं. मला ते मुळीच आवडलं नाही. माणसाने चिडावं, म्हणजे आपल्यालाही चिडता येतं.

शुक्रवार, १४ मार्च

उद्घाटन झालं. झालं, हेच क्रियापद योग्य.

कार्यक्रमपत्रिका अशी: साडेसात, स्वागत. सात पस्तीस, व्याख्यान. सव्वाआठ, प्रश्नोत्तरं. साडेआठ, पांढरी वाइन आणि चीज. एकशे सव्वीस माणसं सात पंचवीसलाच बसलेली होती. प्राध्यापक आलेले नव्हते. त्यांची गाडी जंक्शनवर अडकली होती. आमच्याकडे गाडी उशिरा येणं ही घरातल्या माणसाने दारू पिऊन येण्यासारखी गोष्ट आहे, त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही.

मला वाटलं, उएली थांबेल. पण सात पस्तीसला तो उठला, "व्याख्यान सुरू होत आहे" असं म्हणाला आणि बसला.

एकशे सव्वीस माणसं एकतीस मिनिटं रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. कुणी खोकलं नाही. पहिल्या रांगेतल्या श्पोरी आजींनी वही उघडून पेन हातात धरलं होतं. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, कुणीतरी उठा, काहीतरी करा. मग लक्षात आलं की आयोजक मीच आहे. मीही उभी राहिले नाही, म्हणजे उभीच होते, पण त्या अर्थाने नाही.

आठ वाजून सहा मिनिटांनी प्राध्यापक धापा टाकत आले. घाम पुसून ते प्रकाशाच्या वेगापर्यंत पोचले, तेवढ्यात सव्वाआठ झाले आणि बिग्लरने घंटी वाजवली. प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न श्पोरी आजींनी विचारला: गाडी नक्की कुठे अडकली? दुसरा प्रश्नही गाडीविषयीच होता. व्याख्यानावर प्रश्न विचारणं अवघड होतं, कारण ते झालेलं नव्हतं. साडेआठला वाइन. काळ सापेक्ष असतो हे सांगायला आलेला माणूस आमच्या घड्याळाने गारद केला, आणि निघताना अर्धं चीज खाऊन गेला.

आमचा दूधवाला सांगत होता, एवढं सोपं व्याख्यान त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

कार्डाची काचपेटी मी हिरव्या कापडाने झाकली आहे. वर पाटी: 'प्रकरण प्रलंबित'. लोक रांग लावून कापड बघत होते. दोघांनी कापडाचा फोटो काढला.

कोपऱ्यात केगी मास्तर दोन वाइनचे ग्लास टेबलावर सरकवत काहीतरी समजावत होते. एक ग्लास म्हणजे गाडी, दुसरा म्हणजे फलाट. पंधरावीस माणसं भोवती जमली होती आणि कुणी पीत नव्हतं. मी जाऊन ग्लास मागून घेतले. मोजून आणले होते.

मंगळवार, ८ एप्रिल

आजपर्यंत पाचशे चाळीस माणसं. उएली खूश. मी भिंतीवर लावलेल्या मजकुराचा हा परिणाम आहे, असं माझं मत. तीन रात्री जागून लिहिला होता.

एक गंमत सांगायची राहिली. केगी मास्तर रोज दुपारी दोनला येतात आणि कापडाशेजारच्या स्टुलावर बसतात. स्टूल माझं. शाळेतली पोरं सुटी असूनही येतात, त्यांच्या भोवती बसतात, खडू घेऊन माझ्या त्या काळातल्या फळ्यावर आगगाड्या काढतात. आज दोन आयाही जमिनीवर बसल्या होत्या. माझ्या मजकुराकडे जायला वाट उरत नाही. मी मास्तरांना म्हटलं की गर्दीमुळे लोकांना वाचता येत नाही. त्यांनी माफी मागितली आणि सगळ्यांना, फळ्यालाही, घेऊन बिज्जूच्या खोलीत गेले. मग माझ्या खोलीत कुणीच उरलं नाही. वाचायला आता भरपूर जागा आहे.

शुक्रवार, १६ मे

दुसरं व्याख्यान. चीज उत्पादक सहकारी संस्थेने प्रायोजक होण्याची तयारी दाखवली, पण व्याख्याता आमचाच असेल म्हणाली. विषय: 'अवकाशातली भोकं आणि चीजमधली भोकं: एक तुलना'. व्याख्याता चांगला होता. चीजमधल्या भोकांबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. अवकाशातल्या भोकांबद्दल तो म्हणाला की तीही असतात. दीडशे माणसं होती. चीज अकरा मिनिटांत संपलं आणि त्यानंतर ऐंशी उरली.

झ्युरिकच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. प्रकृती आणि कामाचा ताण यामुळे सत्तावीस जूनचं तिसरं व्याख्यान त्यांना जमणार नाही. गाडीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता मास्तरांना विचारावं लागणार की काय, असं मनात आलं. झटकून टाकलं. तिसरं व्याख्यान होईल तेव्हा संग्रहालय असेल की नाही याचाच पत्ता नाही. आधी ग्रामसभा.

ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. खरं कारण वेगळं आहे. मला भीती वाटते की मास्तर बोलतील, सगळं सभागृह मान डोलवेल, श्पोरी आजी डोलवेल, दूधवाला डोलवेल, आणि पुन्हा एकदा मला एकटीलाच समजणार नाही. त्यात मी आयोजक.

बुधवार, ४ जून

घरी आले. बूट काढले नाहीत. लिहून टाकते.

शाळेची व्यायामशाळा. रबरी गाद्यांचा वास. मतदार एकशे एकोणतीस, एरवी साठही येत नाहीत. विषय एक ते तीन, म्हणजे हिशेब, गटार आणि बसथांब्याचं छप्पर, वीस मिनिटांत आटोपले. मग उएलीने घसा साफ केला आणि विषय चार वाचला: आइनस्टाइन, आल्बर्ट, यांचा बदली शिक्षकाच्या जागेसाठी १९०१ सालचा अर्ज, स्वीकारणे अथवा नाकारणे.

मला वाटलं होतं, हसतील, टाळ्या वाजवतील, एकमुखाने स्वीकारतील, आणि त्याच उत्साहात माझं संग्रहालयही तरून जाईल. मी माझ्या गावात त्रेपन्न वर्षं राहते आणि तरी मला असं वाटलं.

कुणी हसलं नाही. एका शेतकऱ्याने विचारलं की पदविकेची प्रत जोडली आहे का. बिग्लरने पाहिलं, नाही. शिफारसपत्रं? नाहीत. मग जागा सध्या रिकामी आहे का, असं कुणीतरी विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाली की गणिताला तिच्याकडे दोघं आहेत आणि तिसऱ्याला वर्ग नाही. एकाने तीन महिने चाचणीवर घ्या असं सुचवलं. एका तरुण आईने विचारलं, पोरांना कळेल असं शिकवतो का? सगळ्या माना केगी मास्तरांकडे वळल्या.

मास्तर उभे राहिले. "मला कळायला चार वर्षं लागली," ते म्हणाले. "पण त्यात त्यांचा दोष नव्हता."

मग आमचे विमा एजंट उठले, आणि खेळ तिथेच संपला. अर्ज स्वीकारला तर नेमणूक कुठल्या तारखेपासून लागू होणार? १९०१ पासून? मग एकशे चोवीस वर्षांचा पगार आणि निवृत्तिवेतन वारसांना कोण देणार? सभागृहात अशी कुजबूज उठली की जणू वारस दाराबाहेर उभे आहेत. श्पोरी आजी जोरात म्हणाल्या, "तो मोठा माणूस असेल, पण गटाराचे पैसे अजून फिटायचेत."

मतं मोजणाऱ्यांनी दोनदा मोजलं. बाजूने एक्केचाळीस. विरोधात अठ्ठ्याऐंशी. ट्रुबिकोनने आइनस्टाइनला नाकारलं, रीतसर, हात वर करून. उएलीने हातोडी आपटली आणि म्हणाला की अर्जदाराला दहा दिवसांत लेखी कळवण्यात येईल.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, तेव्हा हसू येत नव्हतं. विषय पाच. संग्रहालय. पंचायतीची शिफारस: बंद करावे. उएलीने माझ्याकडे न बघता वाचलं. गर्दी वाढली हे खरं, पण ती तात्पुरती, छप्पर गळतं हे कायमचं. मी उठून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बिज्जूचा उल्लेख झाला असावा. नुकताच एक नकार देऊन लोकांचे हात सैल झालेले, दुसरा द्यायला किती वेळ लागतो? नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेनऊला वाइन होती. पहिल्या रांगेत हात मांडीवरून उचलायला सुरुवातसुद्धा झाली.

तेवढ्यात केगी मास्तर परत उभे राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस बाजूने बोलेल.

"सरपंच, पत्रकातले भेटीचे आकडे फेब्रुवारीपर्यंतचेच आहेत," ते म्हणाले. "अपुऱ्या माहितीवर मत देऊ नये. विषय पुढील सभेसाठी राखून ठेवावा, असं मी सुचवतो."

बस. एवढंच. ना कौतुक, ना आठवण, ना त्या पोरांचा उल्लेख. आकडे! साडेनऊ वाजायला आले होते, वाइन थंड होती, लोकांनी आनंदाने हात वर केले. एकशे एकोणीस विरुद्ध सात. त्या सातांत मी. मला आजच निकाल हवा होता. नोव्हेंबरपर्यंत टांगून ठेवण्यापेक्षा एकदाचं कापून टाका म्हणावं. मी मास्तरांकडे रागाने बघत हात वर केला होता. त्यांनी पाहिला. त्यांनी चष्मा पुसला.

वाइन न पिता निघाले.

गुरुवार, ५ जून

बिग्लर सकाळी आठ वाजता संग्रहालयात. बोलावलेलं नसताना बिग्लर येणं म्हणजे मोजमाप घ्यायला येणं, असं समजून मी किल्ल्या काढून ठेवल्या. तो म्हणाला, किल्ल्या ठेवा.

मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. विषय राखून ठेवला, म्हणजे प्रलंबित झाला. प्रलंबित बाब जैसे थे. संग्रहालय चालू, छपराचा खर्च चालू, माझे चाळीस टक्के चालू. पंचायत काही बंद करू शकत नाही. नोव्हेंबरच्या सभेत विषय येईल, तेव्हा पुन्हा कुणी राखून ठेवला नाही तर निकाल.

"आणि ठेवला तर?"

"या गावात अकरा वेळा राखून ठेवल्याची नोंद आहे," बिग्लर म्हणाला. त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. एवढं हसताना मी त्याला नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. "केगी मास्तर गेल्या आठवड्यात नियमावली चाळायला आले होते. दोन तास बसले. विषय राखून ठेवण्याचं अठ्ठेचाळिसावं कलम त्यांनी कागदावर उतरवून घेतलं."

तो गेल्यावर मी बिज्जूच्या खोलीत जाऊन बराच वेळ उभी होते. आतल्या फळ्यावर कुणीतरी फलाट काढला होता. फलाटावर वेण्या घातलेली एक मुलगी.

मंगळवार, १० जून

आधी शनिवारी झ्युरिकच्या वर्तमानपत्रात छापून आलं: 'गावाने आइनस्टाइनला दुसऱ्यांदा नाकारलं.' मग रेडिओवर. मग दूरच्या देशांतून फोन. एकट्या रविवारी तीनशे अकरा माणसं आली. उएली आधी लाजला, मग फोटो काढून घेऊ लागला. विमा एजंट सगळ्यांना सांगत सुटलेत की तो मुद्दा त्यांचा.

आज बिग्लरने नकाराचं पत्र तयार केलं. 'आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत. दुर्दैवाने.' पाकिटावर पत्ता काय लिहायचा यावर त्याने सकाळ घालवली. शेवटी लिहिलं: 'अर्जदार. सध्याचा पत्ता ज्ञात नाही.' प्रत फाइलला लावली, फाइल बंद केली, आणि स्वतः येऊन काचपेटीवरचं हिरवं कापड काढलं. घडी घालून मला दिलं. पावती घेतली.

दुपारभर लोक कार्ड बघत होते. सहीकडे बोट दाखवायचे, मग सगळे तिथेच येऊन थांबायचे, कोऱ्या अर्ध्यापाशी. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "निदान 'नाही' म्हणून तरी कळवायचं." मी तिकिटं फाडत होते. माझे कान गरम झाले.

बंद झाल्यावर मी टेबलाशी बसले. शिक्क्याचा कागद न घेता साधा घेतला. तीन मसुदे फाडले. पहिल्यात सबबी होत्या, दुसऱ्यात विनोद, तिसऱ्यात दोन्ही. चौथा ठेवला:

'केगी मास्तर, आपलं तीस जानेवारीचं पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं. उत्तर द्यायला एकशे एकतीस दिवस लागले. त्याला कारण नाही. सत्तावीस जून, सायंकाळी साडेसात. फळा आणि खडू तयार असेल. घंटी नसेल. मी पहिल्या रांगेत बसेन. मला समजलं नाही, तर थांबवून विचारलं तर चालेल का? आपली, रेगुला अम्मान.'

पोस्टाने उद्या मिळालं असतं. चालत गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता आणि आत रेडिओवर उद्याचं हवामान सांगत होते. बेल वाजवली नाही. पेटीची झडप हळू उचलली, पत्र आत सरकवलं, आणि आवाज होऊ नये म्हणून झडप हातानेच खाली आणली.